कंजेशन म्हणजे फुगवटा

मंडळी, मध्यंतरी मिरजेत एका दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक आजी, चपला काढून, पाय बाकाखाली ओढून बसलेल्या. म्हणाल्या, "छातीत कंजक्शन झालंय म्हणत्यात." नातवानं हळूच दुरुस्त केलं, "आज्जे, कंजेशन." "तेच ते रं. कफ दाटलाय." जन्मभर इंग्रजी शिकवत आल्यामुळं मी मनातून नातवाच्या बाजूचा, पण अर्थ आजींनाच कळलाय असं वाटलं. ते वाटणं चुकीचं होतं. त्याकडं येतो.

इंग्रजीत एक शब्द सगळीकडं चालतो. मराठी आधी विचारते, अडलंय काय? नाक चोंदतं, गटार तुंबतं, छातीत कफ दाटतो, चौकात कोंडी होते, एसटीत खेचाखेच होते. नाकात वाहतुकीसारखी कोंडी झालीय म्हणालात तर घरचे हसतील. आणि आपण सांगलीत घर बघायला गेलो की म्हणतो, "ब्लॉक जरा कंजेस्टेड वाटतोय." आत माणूस नाही, सामान नाही, नुसत्या भिंती! इंग्रज तिथं दुसरा शब्द वापरेल. यावर मी वर्गात पोरांना फार हसायचो. मग कळलं, १८९१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम भागासाठी सरकारनं 'कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड' काढलं होतं. तिथं बाजारपेठेसारखी गर्दी नव्हती. माणसांच्या मानानं पिकाऊ जमीन तोकडी होती. तेव्हापासून ब्लॉकवर हसणं बंद केलं.

शब्दाचं मूळ लॅटिन. 'गेरेरे' म्हणजे वाहून नेणं, 'कॉन' म्हणजे एकत्र. वाहून आणून एका जागी ढीग घालणं. 'डायजेस्ट' हा त्याचा सख्खा भाऊ, पण त्याचं काम उलटं, वेगवेगळं करून नेण्याचं. इंग्रजीत कंजेशन आधी शरीरात होत असे, रक्ताचं; रस्त्यावर ते एकोणिसाव्या शतकात उतरलं. आणि २००३ च्या फेब्रुवारीपासून लंडननं त्यापायी शहराच्या मध्यभागी गाडी आणणाऱ्याकडून दिवसाला ५ पौंड आकारायला सुरुवात केली. असो.

आता नाक घ्या. सर्दीत शिंकरून शिंकरून नाक लाल होतं, तरी निघत काही नाही. कारण पुष्कळदा आत शेंबूड नसतोच. नाकाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. डॉक्टरांचं कंजेशन ते हे. थेंब घातले की वाहिन्या आक्रसतात आणि वाट मोकळी होते. म्हणून 'ब्लॉकेज' वेगळं. मोरीत बोळा अडकला, तारेनं ओढून काढला, विषय संपला. कंजेशनमध्ये ओढून काढायला बोळाच सापडत नाही. येणं जास्त आणि जाणं कमी, एवढंच असतं.

हंगामात आपल्याकडं कारखान्याच्या रस्त्याला बघा. उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाट्यापर्यंत आलेली. आपण दुचाकीवरून ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत कडेच्या मातीतून जातो. तो बिचारा टपावर गाणी लावून रात्रीपासून बसलेला. रस्त्यावर काहीच अडलेलं नसतं. अडलेलं असतं आत, गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस मिलमध्ये टाकतात तिथं. मिल थांबली, यार्ड भरलं, काट्यावरची गाडी हलेना, की शेपूट आपल्या दारात.

हृदयाचं असंच होतं. त्याचं पुढं ढकलण्याचं बळ कमी पडलं की रक्त मागं साठतं. फुफ्फुसात पाणी उतरतं, धाप लागते, पायावर सूज चढते. दुखणं एकीकडं, दिसतं भलतीकडं. याला 'कंजेस्टिव्ह हार्ट फेल्युअर' म्हणतात. पुस्तकी मराठीत कंजेशनला 'रक्तसंचय' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण त्यात जीव नाही. मला विचाराल तर आपल्या सांगलीकडं याहून नेमका शब्द आहे आणि तो इथं शाळकरी पोरालाही कळतो. फुगवटा! २०१९ चा ऑगस्ट ज्यानं आयर्विन पुलाजवळ उभं राहून बघितलाय त्याला समजावून सांगायला नको. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढं जात नाही, उलटं फिरून गल्लीत येतं. पाऊस थांबलेला, वर ऊन पडलेलं, आणि उंबऱ्याला पाणी. (खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा कुठवर येतो या वादात मी आज पडत नाही, सभागृह आठला बंद करायचंय.)

तर त्या आजी. त्यांचा नंबर आला. नातवानं हात धरून उठवलं, पण चपला काही पायात जाईनात. त्यानं त्या हातात घेतल्या. दाराचा पडदा अर्धाच ओढलेला. आजी आत "कफ, कफ" म्हणत होत्या. डॉक्टरांनी छातीला नळी लावायच्या आधी खाली वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला, आणि खळगा तसाच राहिला.