स्कॉटलंडकडून ३३ सामने

५ फेब्रुवारी १९५५, एडिनबरोचे मरेफील्ड मैदान. चार वर्षांपूर्वी येथेच वेल्सला १९-० असे हरवल्यानंतर स्कॉटलंडचा रग्बी संघ ओळीने १७ आंतरराष्ट्रीय सामने हरला होता, आणि त्यांत दक्षिण आफ्रिकेकडून पत्करलेला ०-४४ असा दारुण पराभवही होता. आज समोर पुन्हा वेल्सच होते. आणि उजव्या विंगेवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेच्या जागी, आयुष्यातला पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळायला, २२ वर्षांचा आर्थर स्मिथ उभा होता.

चेंडू हाती आला तेव्हा गोलरेषा बरीच दूर होती. टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेच्या, कडेकडेने धावत त्याने प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी दिली, चेंडू पायाने पुढे उडवला, धावत जाऊन पुन्हा गाठला आणि गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवून ट्राय नोंदवला. त्या काळी ट्रायला अवघे ३ गुण मिळत. पण चार वर्षे जिंकणेच विसरलेल्या संघाला त्या ३ गुणांनी किती बळ दिले असेल, हे सामन्याच्या निकालावरूनच कळते. स्कॉटलंड १४-८ असे जिंकले.

कॅसल डग्लस या नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील छोट्या गावी जन्मलेला स्मिथ गणिताचा विद्वान होता. ग्लासगो विद्यापीठातून पदवी घेऊन त्याने केंब्रिजला डॉक्टरेट मिळवली. रग्बी तेव्हा पूर्णपणे हौशी खेळ होता, खेळण्याचे पैसे मिळत नसत. त्यामुळे अभ्यास आणि पुढे नोकरी सांभाळूनच हे सारे करावे लागे. तरीही १९५५ ते १९६२ या काळात तो स्कॉटलंडकडून ३३ सामने खेळला. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स या पाच राष्ट्रांच्या स्पर्धेत प्रत्येक संघाचे वर्षाला चारच सामने होत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यामागचे सातत्य उमगते.

१९६२ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडने कार्डिफमध्ये वेल्सला ८-३ असे नमवले; तेथे असा विजय १९२७ नंतर प्रथमच मिळत होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या ब्रिटिश लायन्सचे, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचे, कर्णधारपदही त्याच्याकडे आले. पहिली कसोटी ३-३ अशी बरोबरीत सुटली, पुढच्या दोन निसटत्या फरकाने गेल्या, आणि चौथीला दुखापतीमुळे स्मिथला बाहेर बसावे लागले. स्कॉटलंडच्या संघात इतकी वर्षे टिकून राहिलेल्या या माणसाच्या वाट्याला तो सामना तेवढा आला नाही.

फेब्रुवारी १९७५ मध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता; मरेफील्डवरच्या त्या ट्रायला जवळपास २० वर्षे होत होती.