आधी अंदाज, मग एंटर

(नाशिक येथे संगणकवर्ग चालवणाऱ्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षकमित्रहो,

आपल्यापैकी बहुतेकांचे विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले आणि संगणकाला प्रथमच हात लावणारे असतात. २००१ पासून एमएस-सीआयटीमुळे त्यांची वाट बरीच रुंद झाली, आणि पत्र टाइप करणे किंवा तक्ता भरणे याचे आज कोणाला अप्रूप उरलेले नाही. मला बोलायचे आहे ते एका लहानशा क्षणाबद्दल: यंत्र अडले की विद्यार्थी काय करतो, आणि त्या वेळी शिक्षकाचा हात कोठे असतो.

माझा हात पहिली काही वर्षे विद्यार्थ्याच्या माउसवर असे. नाशिकरोडहून एक निवृत्त टंकलेखक माझ्या वर्गाला येत. ईमेलला फाइल जोडण्याची कृती त्यांनी सुवाच्य अक्षरात, बावीस पायऱ्यांत वहीत उतरवून घेतली होती; त्यातली एक पायरी होती, ‘डावीकडून तिसरे चित्र’. एका अपडेटनंतर ते चित्र चौथे झाले आणि काका आठ दिवस वर्गाला फिरकले नाहीत. मी त्यांना चित्राची जागा शिकवली होती. चित्राचे काम शिकवायचे राहून गेले होते. ते परत आले तेव्हा मी वर्गाला दोन नियम घालून दिले. शिक्षकाने माउसला हात लावायचा नाही, आणि आता काय घडेल हे मोठ्याने सांगितल्याखेरीज विद्यार्थ्याने एंटर दाबायचे नाही. यातला पहिला नियम पाळणे फार अवघड आहे. मी अजूनही हात पाठीमागे बांधून उभी राहते.

नेटवर्किंग शिकवताना हा दुसरा नियम विशेष उपयोगी पडतो. लाइट गेली की आपण आधी गॅलरीत येऊन शेजाऱ्यांकडे दिवा आहे का ते पाहतो, मग गल्लीकडे पाहतो, आणि त्यावरून बिघाड घरातला की बाहेरचा हे ठरवतो. नेट बंद पडले की मात्र हाच शहाणा माणूस राउटर बंद-चालू करत बसतो. म्हणून मी पिंगची, म्हणजे दिलेल्या पत्त्यावरून उत्तर येते का हे पाहण्याची, आज्ञा चार टप्प्यांत द्यायला लावते: प्रथम १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचेच यंत्र. मग राउटर, ज्याचा पत्ता पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ असतो, मग बाहेरचा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सर्व्हर, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव. आकड्यांचा पत्ता उत्तर देतो आणि नाव देत नाही, असे दिसले की नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस व्यवस्था अडली आहे हे विद्यार्थी स्वतःच सांगतो. कधी वायफायच्या साऱ्या दांड्या दिसतात आणि तरीही काही उघडत नाही. अशा वेळी यंत्राचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे यंत्राने तो आपल्याच मनाने घेतला आहे असे समजावे.

प्रोग्रामिंगमध्ये माझे पहिले उदाहरण बेरजेचे असते. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘इनपुट’ या आज्ञेने दोन आकडे घ्यायचे आणि बेरीज छापायची. ५ आणि ३ दिल्यावर सगळा वर्ग आठ म्हणतो, आणि पडद्यावर ५३ येते. कीबोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथॉनला मजकूर वाटते, आणि मजकुरापुढे अधिकचे चिन्ह आले की तो दोन तुकडे नुसते जोडतो. गुणाकार करायला गेल्यास तो टाइपएरर, म्हणजे माहितीचा प्रकार चुकल्याची सूचना, देऊन स्पष्ट नकार देतो. बेरीज मात्र मुकाट्याने चुकवतो, म्हणूनच हे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. एररला मुले बिचकतात ती बहुधा इंग्रजीमुळे. तिची शेवटची ओळ आधी वाचायची आणि वहीत हाताने उतरवायची, एवढ्याने निम्मी भीती जाते.

याच नियमाने मलाही एकदा धडा मिळाला. ‘नाशिक’ हा शब्द उलटा छापण्याचा प्रोग्राम मी दिला होता. वर्गाचा अंदाज होता ‘कशिना’. पडद्यावर आले ‘किशान’. लांबी विचारली तर तीनऐवजी पाच. मुले हसत असताना काका उठून फळ्याशी गेले. ‘‘आमच्या टंकयंत्रावर पहिली वेलांटी आधी मारावी लागे,’’ ते म्हणाले, ‘‘इथे ती श नंतर साठवलेली दिसते.’’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, न, काना, श, वेलांटी आणि क अशी पाच चिन्हे एकामागोमाग साठतात, आणि वेलांटी डावीकडे दाखवणे हे फॉन्टचे काम असते. शब्द उलटा केला की तीच वेलांटी क च्या मागे येते आणि त्याला जाऊन चिकटते.

दुसऱ्या दिवशी काका घरून शब्दांची यादीच घेऊन आले. उलटसुलट सारखे वाचले जाणारे शब्द ओळखणाऱ्या प्रोग्रामने ‘कडक’ आणि ‘सरस’ मान्य केले, पण ‘नवजीवन’ नाकारला. तो का नाकारला, याचा अंदाज काकांनी एंटर दाबण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवला होता.