सायन स्टेशनच्या दोन बाजू

(दृश्य : सायन स्टेशन, सकाळची गर्दी)

सायनला उतरून पूर्वेकडे गेलात की केंद्रीय श्रम संस्थेचं आवार लागतं. देशभरच्या नोंदणीकृत कारखान्यांतल्या अपघातांचे आकडे राज्याराज्यांतून इथल्या, कारखान्यांतल्या सुरक्षिततेचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या महासंचालनालयाकडे येतात. पश्चिमेला उतरलात तर धारावी. चामडं, शिलाई, प्लास्टिक, कुंभारवाडा. मधे फक्त रूळ. पण धारावीतल्या बहुतेक गाळ्यांमधला अपघात ते रूळ ओलांडून पलीकडच्या तक्त्यात जात नाही.

ही मोजणी उभी राहिली ती १९४८ च्या कारखाने अधिनियमावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी श्रमसंहिता लागू होईपर्यंत, विजेवर काम चालत असेल आणि निदान १० कामगार असतील, तर ती जागा कारखाना धरली जायची. वीज नसेल तर २०. गाळ्यात माणसं सहा, फार तर सात.

(दृश्य : पत्रा दाबणारं प्रेस मशीन, त्याशेजारी एक हात)

प्रेसवर बोट गेलं की पुढे काय होतं, हे या गल्ल्यांत पोरासोरांनाही ठाऊक आहे. फडकं गुंडाळून जवळचा दवाखाना. शेठ टाक्यांचे पैसे देतो, वर थोडे हातावर ठेवतो आणि सांगतो, जखम भरेपर्यंत गावी जाऊन ये. माणूस गावी जातो. कागद कुठेच होत नाही.

परांचीवरून पडून कामगार गेला, तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. पार्सल पोहोचवणारा मुलगा हायवेवर ट्रकखाली आला, तर तो रस्ते अपघात. दोघेही कामावर होते. दोन वह्या, दोन रकाने, आणि ‘कामावर असताना’ हा शब्द दोन्हीकडे हरवतो.

मग देशाचा आकडा काढायचा कसा?

एक वाट मृत्यूवरून जाते. जखमी माणूस लपवता येतो. मेलेला लपवणं त्याहून कितीतरी अवघड. २०१७ ते २०२० या काळात आपल्या नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी ११०० च्या आसपास मृत्यू नोंदले गेले. आणि जखमी? सुमारे ४०००. म्हणजे एका मृत्यूमागे चार जखमी.

आता आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२३ चा जागतिक अंदाज पाहा. कामावरच्या अपघातांत वर्षाला ३ लाख ३० हजार मृत्यू, आणि जिवावर न बेतलेल्या दुखापती ३९ कोटी ५० लाख. एका मृत्यूमागे जवळजवळ १२००.

व्याख्या वेगळ्या, उद्योग वेगळे, त्यामुळे हे प्रमाण आपल्याला जसंच्या तसं लावता येणार नाही. पण चार आणि बाराशे! आपल्याकडची यंत्रं माणूस मारतात आणि जखमी मात्र करत नाहीत, असं कोण मानेल? या तफावतीत अशीच गावी गेलेली माणसं असणार.

(दृश्य : परळ, बंद गिरणीची चिमणी, मागे टॉवर)

अपघात निदान दिसतो तरी. आजार वर्षानुवर्षं छातीत बसून राहतो. गिरणगावात कार्डिंग खात्यात काम केलेल्यांना आठवत असेल, सुट्टीनंतर सोमवारी पाळीवर गेलं की छाती आवळून यायची. कापसाच्या धुळीचा हा विकार, बिसिनोसिस. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचं नाव आहे; म्हणजे तो कळवणं बंधनकारक. केसपेपरवर मात्र ‘दमा’ लिहिणं सोपं. दगडाच्या धुळीने होणारी सिलिकोसिस तशीच टीबी म्हणून निघून जाते.

अशा वेळी एकेक रुग्ण मोजून भागत नाही, हिशेब उलटा मांडावा लागतो. समजा, १०० माणसांपैकी २० जण धुळीत काम करतात आणि धुळीमुळे एका आजाराचा धोका दुप्पट होतो. बाकीच्या ८० जणांकडून धोक्याचे ८० वाटे. या २० जणांकडून ४०. एकूण १२०. त्यातले २० वाटे निव्वळ धुळीचे, म्हणजे त्या आजाराच्या दर सहा रुग्णांपैकी एक कामाने दिलेला. तो नेमका कोण, हे सांगता येत नाही. पण तो आहे, हे नक्की सांगता येतं.

याच रीतीने जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटनेने २०१६ सालासाठी जगभरचा अंदाज काढला : कामामुळे सुमारे १९ लाख मृत्यू. त्यातले ८१ टक्के आजारांचे, अपघातांचे फक्त १९. सगळ्यात मोठा वाटा धुळीचाही नव्हे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम, त्यातून येणारा पक्षाघात आणि हृदयविकार : साडेसात लाख.

(दृश्य : रात्र, सोसायटीचं गेट, खुर्चीवर वॉचमन)

१२ तासांची ड्युटी, आठवड्याचे सहा दिवस. ७२ तास.

ही गणितं शेवटी एकाच माहितीवर उभी राहतात : कोण, कुठे, किती वर्षं, कशात काम करत होतं. रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली डॉक्टरांना सांगितलं होतं, रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारा, तुम्ही काम काय करता? आपल्या मृत्यूच्या नोंदीतही व्यवसायाचा रकाना आहे.

(दृश्य : चाळीचा व्हरांडा, एक म्हातारे गृहस्थ दम खात जिना चढताहेत)

गिरणीतली २० वर्षं छातीत घेऊन एखादे आजोबा जातात. नातू अर्ज भरायला बसतो. व्यवसायाच्या रकान्याशी पेन थांबतं, आणि तो लिहितो : ‘रिटायर’.