जोनचं वऱ्हाड, बोर्दो, १३४८

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'राजकन्येचा मृत्यू आणि शंभर वर्षांचं युद्ध'. युद्धाकडे मी येतो, नक्की येतो, पण आधी राजकन्या, आणि तिच्याही आधी एक तक्रार, कारण ती बरेच दिवस पोटात आहे.

जोनची गोष्ट कुठेही वाचा, नशिबाची गोष्ट म्हणूनच सांगतात. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डची मुलगी, वय चौदा-पंधरा, स्पेनकडे लग्नाला निघाली, वाटेत फ्रान्समधल्या बोर्दोला प्लेगने गाठलं, गेली बिचारी. अहो पण पाठवलं कोणी तिला? प्लेग १३४७ संपता संपता फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरला होता, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आव्हिन्योत, म्हणजे तेव्हा पोप राहायचे थेट त्या गावात, माणसं मरत होती. बोर्दो तर एडवर्डच्याच ताब्यातलं बंदर, तिथल्या वाईनची जहाजं सारखी इंग्लंडला ये-जा करणारी. आता व्यापाऱ्याला बातमी असते आणि राजाला नसते असं कुठल्या काळात झालंय सांगा मला. (कोणीतरी मागे हसलं, तुम्ही व्यापारी दिसताय.) त्या रोगाचं खरं रूप तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं हे मान्य, पण म्हणून सगळं नशिबावर ढकलायचं हे मला पटत नाही.

आणि पोरीची ही पहिली पाठवणी नव्हतीच. १३३८ मध्ये, म्हणजे आपल्याकडे जेमतेम बालवाडीत घालतात त्या वयात, तिला ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या मुलाशी लग्न ठरवून त्यांच्या घरी ठेवून दिलं. राजकारण फिरलं, सोयरीक मोडली, पोरगी परत आणली. मग नवीन स्थळ, कॅस्टीलचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या एका राज्याचा, युवराज पेड्रो. 'त्या लोकांचं असंच' म्हणून हसू नका हं, आपली मुंबई अशाच एका लग्नात आंदण गेलीय, १६६१ चा करार, पोर्तुगालची कॅथरिन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. तेव्हा मुंबईकरांनी तरी जरा जपून.

आता माझा आवडता भाग. जोनबरोबर काय काय दिलं त्याचे राजवाड्याचे हिशेब राहिलेत, आणि ते रुखवत वाचताना माणूस थकतो. लग्नाच्या पोशाखासाठी दीडशे मीटरच्या वर जाड रेशमी कापड. एक हिरवा झगा, त्यावर गुलाबाचे मांडव, रानटी जनावरं आणि चक्क रानटी माणसं भरतकाम करून काढलेली. दुसरा गडद तपकिरी, सोनेरी वर्तुळं आणि प्रत्येक वर्तुळात एक सिंह. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली बटणं. पलंगाचे पडदे, घोड्यावर बसायचे कपडे वेगळे, रोजचे वेगळे, आणि हे सगळं कमी म्हणून एक फिरतं प्रार्थनागृह, वेदीच्या कापडासकट, म्हणजे वाटेत देवाची गैरसोय नको! सोबतीला फ्रान्सविरुद्धच्या क्रेसीच्या लढाईत तयार झालेले तिरंदाज, आणि रॉबर्ट बूर्शिए, इंग्लंडचा माजी चॅन्सेलर, म्हणजे राजाचा वरिष्ठ मंत्री, पाद्री नसताना त्या पदावर बसलेला पहिला माणूस. कायदा, शस्त्र, धर्म, कपडे, सगळ्याची तयारी. पोरगी स्वतः काय म्हणाली याची मात्र एक ओळ सापडत नाही. बटणांची नोंद आहे, तिच्या बोलण्याची नाही, आणि माझा खरा राग इथे आहे.

बोर्दोच्या महापौराने धोक्याची सूचना दिली होती असं सांगतात, ती मनावर घेतली गेली नाही. तिच्या मृत्यूच्या दोन तारखा फिरतात, १ जुलै आणि २ सप्टेंबर. मी सप्टेंबरवाला, कारण एडवर्डने कॅस्टीलच्या राजाला, अल्फोन्सोला, मुलगी गेल्याचं पत्र लिहिलं १५ सप्टेंबरला, आणि अडीच महिने राजा गप्प बसेल हे मला तरी खरं वाटत नाही. पत्र वाचण्यासारखं आहे. आम्हीही माणसंच आहोत, या दुःखाने आतून मोडून गेलो तर नवल नको, असं म्हणतो, आणि लगेच पुढे, आमच्यातलं एक निष्कलंक लेकरू आधी स्वर्गात गेलंय, तिथे आमच्या पापांसाठी रदबदली करेल. बघा, स्वर्गातही तिला वकिलीच लावली! बापाचं दुःख खोटं नव्हतं पण, त्याच वर्षी त्याचा विल्यम नावाचा तान्हा मुलगाही गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेत एडवर्डच्या समाधीच्या कडेला त्याच्या मुलांच्या छोट्या कांस्यमूर्ती होत्या, त्यातल्या सहा उरल्यात, जोन त्यात आहे, लंडनला गेलात तर दक्षिणेच्या बाजूने बघा.

...बरं, चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं म्हणतायत. म्हणजे पाच. युद्ध.

ही सोयरीक हवी कशाला होती? कॅस्टीलच्या आरमारासाठी. फ्रान्सशी युद्ध चालू, हेच ते पत्रिकेवरचं शंभर वर्षांचं, आणि ज्याच्याकडे कॅस्टीलची गलबतं त्याच्याकडे समुद्र. जोन गेली, आणि दोनच वर्षांत, ऑगस्ट १३५० मध्ये, इंग्लंडच्याच किनाऱ्यावर विंचेल्सीजवळ एडवर्ड स्वतः कॅस्टीलच्याच जहाजांशी लढत होता. त्याच वर्षी अल्फोन्सोही जिब्राल्टरच्या वेढ्यात प्लेगने मेला, पेड्रो राजा झाला, १३५३ मध्ये त्याने फ्रेंच राजघराण्यातली ब्लांश केली आणि काही दिवसांतच तिला सोडून आपल्या प्रेयसीकडे, मारिया दे पादियाकडे गेला, तर जोनने काय सुख बघितलं असतं ते आपलं आपण ठरवा. पुढे सावत्र भाऊ एनरिकेने फ्रान्सच्या मदतीने १३६९ मध्ये पेड्रोला मारलं, गादी घेतली, आणि १३७२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ला रोशेलजवळ कॅस्टीलच्या आरमाराने इंग्लिश ताफ्याचा धुव्वा उडवला. एका मुलीमुळे झालं असं मी म्हणत नाही, जर-तरवाल्यांचा मला कंटाळा आहे. पण जे टाळायला तिला पाठवलं ते हेच होतं.

आणि गंमत म्हणजे पेड्रोच्या दोन मुली शेवटी जोनच्याच दोन भावांच्या घरी आल्या, कॉन्स्टन्स जॉन ऑफ गाँटकडे, इसाबेल एडमंडकडे. गाँटची मुलगी कॅथरिन १३८८ मध्ये कॅस्टीलला सून म्हणून गेली, वय साधारण जोनइतकंच, नवरा नऊचाही नव्हता. तिची नात म्हणजे राणी इसाबेला, कोलंबसवाली, पण तिच्यात शिरलो तर चिठ्ठी पाठवणारे आता स्वतः उठून येतील.