बोट धरून चालवणारा गुरू

(दृश्य: एक लहान मूल पहिली पावलं टाकतंय. मोठ्या माणसाची दोन बोटं त्याच्या मुठीत.)

या मुठी बघा, किती घट्ट आवळल्यात. मोठं माणूस कमरेत वाकलंय, पाठ भरून आली असणार त्याची, पण सरळ होता येत नाही, कारण सरळ झालं की बोटं वर जाणार आणि पोराचा आधार सुटणार.

होशेय संदेष्टा येशूच्या सात शतकांहून जास्त आधीचा. देव स्वतःबद्दल काय म्हणतो हे सांगताना त्याने आपल्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात हेच चित्र काढलंय. एफ्राइमाला, म्हणजे इस्राएल लोकांना, चालायला मी शिकवलं, मी त्यांना हातांवर घेतलं, पण त्यांना ते कळलंच नाही. मला लहानपणी देव म्हणजे छडीवाला मास्तर वाटायचा, वहीतल्या चुका मोजत बसलेला, आणि आजही कितीतरी विश्वासणारे आयुष्यभर त्याच भीतीत प्रार्थना करतात. म्हणून सुरुवात या बोटांपासून.

(दृश्य: हिब्रू पान, जवळून.)

हे स्तोत्र 119. अख्ख्या पवित्र शास्त्रातला सगळ्यात लांब अध्याय, 176 वचनं. उजवीकडून बघत या. पहिल्या वचनाचं पहिलं अक्षर आलेफ, पुढच्याचंही आलेफ, असं आठ वेळा, मग आठ वेळा बेथ, मग गिमेल, असं करत करत 22 अक्षरं संपेपर्यंत. मुळाक्षरं गिरवायची पाटीच आहे ही, आणि तिच्यावर परत परत येतं काय, तर तुझे नियम मला शिकव. यात शिक्षेची भीती कमी आणि लेकराचा हट्ट जास्त ऐकू येतो, मला तरी. 'तोरा'ला आपण नियमशास्त्र म्हणतो, पण हिब्रूत त्या शब्दाचा मूळ अर्थ शिकवण असा आहे, एवढं एक कळलं तरी जुना करार वेगळा वाचला जातो.

(दृश्य: रोममधलं सांता पुदेन्झियाना चर्च, वेदीमागचं मोझेक. कॅमेरा हळूहळू वर.)

हे मोझेक साधारण इसवी सन 400 च्या आसपासचं. मधोमध ख्रिस्त, सोनेरी वस्त्र, एका हातात उघडं पुस्तक, दुसरा हात पुढे केलेला, जसा शिकवताना आपोआप होतो तसा. भोवती शिष्य. मुळात बारा होते, नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये कडेचे दोघे गेले, आता दहाच उरलेत. सुंदर आहे, वाद नाही, पण इथे गुरू उंच आसनावर आहे आणि बाकीचे खाली.

याच्याही दोनशे वर्षं आधी अलेक्झांड्रियात क्लेमेंट नावाचा एक शिक्षक होता, त्याने ख्रिस्तासाठी ग्रीकमधला 'पेदागोगोस' हा शब्द वापरला. श्रीमंत घरातल्या मुलाला रोज शाळेपर्यंत नेणारा, त्याच्या वागण्याकडे लक्ष ठेवणारा जो माणूस असायचा, बहुतेक वेळा घरातला गुलामच, तो पेदागोगोस. पौलाने गलतीकरांच्या पत्रात हाच शब्द नियमशास्त्रासाठी वापरलाय, आपल्या मराठी बायबलात तिथे 'बालरक्षक' आहे. क्लेमेंटने तो थेट प्रभूला लावला. गुलामाचा शब्द, देवाला! म्हणजे परत तेच, सोबत चालणारा.

(दृश्य: पवित्र गुरुवारची उपासना. गंगाळ, पाणी, टॉवेल. एका म्हाताऱ्या माणसाचा पाय.)

इथे घाई करायची नाहीये. योहानाने त्याच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात एकेक कृती सुटी सुटी सांगितली आहे, कुणीतरी डोळ्यांनी बघत लिहावं तशी. येशू जेवणावरून उठला. बाहेरची वस्त्रं काढून ठेवली. रुमाल घेतला, कमरेला बांधला. मग गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला, कमरेच्या त्याच रुमालाने पुसायला लागला. त्या काळातले पाय म्हणजे दिवसभर धुळीत चालून आलेले, टाचांना भेगा, बोटांमध्ये माती, आणि हे काम घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं. पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. त्याचं मला पूर्ण पटतं, आपल्या गुरुजींना आपल्या पायाशी बसलेलं कुणाला बघवेल? त्याला पकडून देणारा शिष्य यहूदाही तेव्हा तिथेच होता, तो नंतर उठून गेला, म्हणजे ते पायसुद्धा धुतले गेले.

हे सगळं झाल्यावर त्याने वस्त्रं घातली, परत जागेवर बसला आणि मग बोलला. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता, बरोबरच म्हणता, कारण मी तो आहे. मी तुमचे पाय धुतले, तर तुम्हीही एकमेकांचे धुवा. आधी करून दाखवलं, धडा मागाहून. आणि गुरू हे नाव त्याने नाकारलं नाही, उलट गुडघ्यांवरून उठल्या उठल्या, हात अजून ओले असताना, ते घेतलं.

त्याच रात्री त्याला अटक झाली, शिष्य पळून गेले, दुसऱ्या दिवशी वधस्तंभ.

(दृश्य: पहाट, बाग. आवाज फक्त पक्ष्यांचा. थोडा वेळ निवेदन नाही.)

मग रविवारची पहाट. येशूची शिष्या मरिया मग्दालिया त्याच्या थडग्याबाहेर रडत उभी आहे, समोर तोच उभा आहे, पण तिला तो माळी वाटतो. तो फक्त तिचं नाव घेतो. मरिये. ती वळते आणि तिच्या तोंडून जो शब्द निघतो तो योहानाने तिच्याच भाषेत तसाच ठेवलाय, आणि लगेच अर्थही दिलाय, म्हणजे कुणाचा चुकायला नको. राजा म्हणता आलं असतं, मशीहा म्हणता आलं असतं.

रब्बूनी, म्हणाली ती. गुरुजी.

(दृश्य: पहिलंच मूल. एक बोट सुटतं. दुसरं अजून धरलेलं.)