पिल्लांच्या अंगाखालची ऊब

(दृश्य : पौषातली पहाट. गव्हाला पाणी चालू आहे. बांधावर घोंगडी पांघरून दारं धरणारा शेतकरी, त्याच्या पायाशी अंगाचं मुटकुळं करून बसलेलं कुत्रं.)

मराठवाडा म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. टँकर, तापलेले पत्रे, बेचाळीस अंशांच्या दुपारी. आपणही स्वतःला तसंच ओळखतो, म्हणून थंडीची तयारी इथे कुणी फारशी मनावर घेत नाही. घर बांधताना नाही, गोठा घालताना नाही, आणि दारातल्या कुत्र्या-मांजरांसाठी तर नाहीच.

पण डिसेंबर-जानेवारीतली इथली पहाट वेगळी असते. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्यानं निवते. दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो आणि पहाटे दहाच्या आसपास येतो. थंडीची लाट आली की परभणीत तो पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात जेवायला निघताना सकाळी स्वेटर घालावा लागतो, आणि पंगत उठेपर्यंत तो खांद्यावर आलेला असतो. एका दिवसात वीस अंशांचा हा चढउतार लक्षात ठेवा. पिल्लांना ऊब देणाऱ्या विजेच्या पॅडचं पुढचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

(दृश्य : लातूर जिल्ह्यातलं एक घर. पडवीत लाकडी खोकं, त्यात कारवान जातीची कुत्री आणि तिची दोन दिवसांची पिल्लं.)

गावकुत्र्यांची पिल्लं बहुतेक दिवाळीनंतर होतात. पावसाळा सरता सरता कुत्री माजावर येते, त्यानंतर दोन महिन्यांनी विते, म्हणजे नेमकी थंडीच्या तोंडावर. त्यात हा कारवान. चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांमुळे दूरवर माहीत झालं. लांब पाय, खोल छाती, पातळ कातडी, आखूड केस आणि अंगावर चरबी जवळजवळ नाही. पळण्यासाठी घडलेलं हे शरीर थंडीत उघडं पडतं.

या घरच्या आजींनी खोक्यात गोधडी घातली आहे आणि गोधडीखाली एक हीटिंग पॅड, म्हणजे विजेवर तापणारी पातळ गादी. कुत्रीला एवढे लाड कशाला, असं शेजारीपाजारी विचारतात. आजींचं उत्तर तयार असतं. "बाळंतिणीच्या बाजंखाली शेगडी ठेवतोच की आपण. मग हिनं काय पाप केलं?"

आजींचं म्हणणं खरं आहे, आणि ते शास्त्रालाही धरून आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला थरथरताही येत नाही, आणि थरथरणं हा तर शरीराचा उष्णता तयार करण्याचा एक मोठा उपाय. मोठ्या कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, या पिल्लाचं ३५ ते ३७. ते ३४ च्या खाली घसरलं की आतडी मंदावतात. पोटात दूध असून ते पचत नाही. गारठलेलं पिल्लू दिसलं की आपण घाईनं बाटलीनं दूध पाजायला बसतो, आणि तिथेच घात होतो. दूध फुप्फुसात जाऊ शकतं. आधी ऊब द्यायची, तीही हळूहळू, आणि पिल्लू हालचाल करू लागलं, चोखू लागलं की मग दूध.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेचं तापमान २९ ते ३२ अंशांच्या आसपास लागतं. मग ते दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत चौथ्या आठवड्यापर्यंत बावीस-चोवीसवर आणायचं. बाहेर पहाटे आठ अंश असताना खोक्यात तीस अंश राखायचे, आणि दुपारी बाहेरच तीस झाले की तोच पॅड गप्प बसला पाहिजे. हे काम माणसाच्या हातानं होत नाही. रात्री तीन वाजता उठून बटण कोण फिरवणार?

(दृश्य : पॅडचा कंट्रोलर. आकड्याशेजारचा लाल दिवा लागतो, थोड्या वेळानं विझतो.)

थर्मोस्टॅट हे काम करतो. त्याचा एक छोटा सेन्सर असतो, त्याला प्रोब म्हणतात. तापमान वाढलं की त्याचा विद्युत रोध घटतो. त्यावरून कंट्रोलरला कळतं की गादी किती गरम झाली. ठरवलेला आकडा आला की तो वीज तोडतो, अंश-दीड अंश खाली आलं की पुन्हा जोडतो. साध्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि जोड सुटतो. इस्त्री आपोआप बंद होते ती अशीच.

ही कल्पना पिल्लांसाठीच जन्मली, हे मला फार आवडतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकानं कोंबडीची अंडी उबवायची एक भट्टी बनवली होती. उष्णता वाढली की आतला पारा वर चढायचा आणि भट्टीची हवा कोंडायचा, आच आपोआप कमी व्हायची. स्वतःहून तापमान सांभाळणाऱ्या, आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या यंत्रांपैकी ते एक.

आता बाजारातल्या एका गैरसमजाबद्दल बोलायलाच हवं. कंबर शेकायचा माणसांचा पॅड असतो, त्यावर लो, मीडियम, हाय अशी तीन बटणं असतात. अनेक जण त्यालाच थर्मोस्टॅट समजतात. तसं नाही. त्या बटणानं वीज कमी-जास्त होते, गादी किती तापली हे ते मोजत नाही. त्यातल्या बऱ्याच पॅडांना तास-दीड तासानं आपोआप बंद होण्याची सोयही असते. माणसाला ती सुरक्षित, पण पिल्लांना मध्यरात्रीनंतर गारठ्यात सोडणारी. माणसांचा पॅड कुत्र्याखाली घालू नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

त्यामागचं कारण १९४७ साली मोजलं गेलं. मोरित्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी डुकरांच्या आणि माणसांच्या कातडीवर उष्णतेचा परिणाम तपासला. ४४ अंशांची उष्णता साधारण सहा तास एकाच जागी लागली तर कातडी भाजते. तिथून पुढे प्रत्येक अंशाला ही वेळ जवळपास निम्म्यावर येत जाते. ४४ अंश म्हणजे हाताला फक्त छान कोमट-गरम लागणारी गादी. आपण हात लावतो, बरं वाटतं, आणि निघून जातो. जनावर मात्र तिथेच रात्रभर पडून राहतं. म्हातारं असेल, आजारी असेल, डोळेही न उघडलेलं पिल्लू असेल तर ते बाजूला सरकत नाही. केसांखालचं भाजणं लगेच दिसतही नाही. काही दिवसांनी कातडी कडक होते, सुटू लागते, तेव्हा कळतं.

शस्त्रक्रियेनंतर गुंगीत असलेल्या जनावराला हा धोका सगळ्यात जास्त. भुलीमुळे त्याचं अंग गार पडतं, ऊब तर हवीच असते, पण त्याला ना कळतं ना हलता येतं. म्हणून पशुवैद्य अशा वेळी विजेच्या साध्या पॅडपेक्षा कोमट पाणी फिरणारी गादी किंवा गरम हवेचं पांघरूण पसंत करतात. नसबंदीनंतर कुत्री घरी आणली असेल तर ती पुरती शुद्धीवर येईपर्यंत पॅड लावू नका. जाड पांघरूण घाला आणि शेजारी बसा.

(दृश्य : गावातलं इलेक्ट्रिकचं दुकान. मल्टिमीटरवर व्होल्टेजचा आकडा खालीवर होतो आहे.)

आता आपल्या गावातल्या लाईटचं. पॅडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टसाठी बनवलेला पॅड १८० व्होल्टवर चालला तर त्याची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागलेले असताना हे होतं. मध्यरात्रीनंतर भार उतरला आणि व्होल्टेज २६० वर गेलं, तर तोच पॅड अठ्ठावीस टक्के जास्त तापतो. थर्मोस्टॅट नसलेला पॅड अशा लाईटवर कधी गार, कधी कढत. थर्मोस्टॅट असला तर व्होल्टेज पडल्यावर तो जास्त वेळ चालतो, चढल्यावर लवकर थांबतो. शहरात ज्याला चैनीची वस्तू म्हणतात, ती आपल्याकडे गरजेची ठरते ती यामुळे.

वेगळा थर्मोस्टॅट घ्यायचा तर अंडी उबवायच्या यंत्राला लावतात तसला डिजिटल कंट्रोलर चालतो. तो वायरमनकडून नीट डब्यात बसवून घ्या, उघड्या तारा ठेवू नका. आणि सेन्सरची जागा चुकवू नका. सेन्सर पॅड आणि गोधडी यांच्या मध्ये, पिल्लं जिथे झोपतात तिथेच, टेपनं किंवा टाक्यानं पक्का बसला पाहिजे. तो निसटून गार फरशीवर पडला, तर त्याला सतत थंडीच जाणवते आणि पॅड थांबतच नाही. कुत्री पंजानं गोधडी उकरते, विण्याआधी तर फारच, आणि सेन्सर निघतो तो बहुतेक तेव्हाच.

कंट्रोलरमधला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विचही कधीतरी चिकटतो, मग वीज तुटत नाही. म्हणून मुळातच कमी वॅटचा पॅड घ्या, सगळी रात्र चालू राहिला तरी भाजणार नाही असा. वीस वॅटचा पॅड दहा तास अखंड चालला तर वीज लागते ०.२ युनिट. खुराड्यात लावतात तो शंभर वॅटचा पिवळा बल्ब तेवढ्याच वेळात एक युनिट खातो. शिवाय त्याची काच इतकी तापते की खाली भुसकट किंवा कडबा असेल तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

वायरवर लोखंडी स्प्रिंगचं कव्हर हवं, कारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांना चावायला काहीही चालतं. पॅडवर लघवी पडणारच, त्यामुळे तो पाणी न शिरणारा, शिवण नसलेला असावा. आणि घराला आर्थिंग नसेल, गळतीची वीज तोडणारा स्विच नसेल, तर आधी ते काम करा, पॅड नंतर आणा. बारा व्होल्टचा पॅड त्या मानानं निर्धोक, आणि तो बॅटरीवरही चालतो.

(दृश्य : पुन्हा आजींची पडवी. पॅड खोक्याच्या अर्ध्याच भागात आहे. कुत्री गार बाजूला पसरली आहे, पिल्लं उबदार बाजूला.)

पॅड अर्ध्याच खोक्यात घातलाय, हे पाहिलंत? तो मुद्दाम तसा घातला आहे. पिल्लाला तीस अंश हवेत, पण आईला नाही. सगळं खोकं तापलं की ती धापा टाकत उठून जाते, आणि आई गेली की दूधही गेलं. पिल्लालाही गरम झालं तर सरपटत जायला गार जागा उरली पाहिजे. आजींच्या नातवानं विण्याच्या आदल्या दिवशी रिकाम्या खोक्यात पॅड रात्रभर चालवून थर्मामीटरनं तपासला होता. आता आजी थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघतात. एकावर एक ढीग करून किरकिरत असली तर थंडी वाजते आहे. एकमेकांपासून लांब, तोंड उघडं टाकून पडली असली तर फार गरम झालंय. शेजारी शेजारी सैल पडून झोपली असली तर ठीक चाललंय.

लाईट गेली तर? ती जातेच. कोमट पाण्याच्या बाटल्या जाड कापडात गुंडाळून ठेवायच्या, आणि निवल्या की लगेच काढायच्या, कारण गार बाटली पिल्लाच्या अंगातली उष्णता ओढून घेते. खोक्यावर वरून पोतं टाकायचं, हवेला फट ठेवून.

मांजरीच्या पिल्लांचं गणित जवळपास हेच. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. सशाला पॅड देऊ नका, त्याला थंडी सोसते, उष्णता नाही. म्हाताऱ्या, सांधे आखडलेल्या कुत्र्याला मात्र जरूर द्या. सकाळी उठताना त्याचे मागचे पाय किती सहज हलतात ते पाहा. गादीचा वरचा भाग ३८ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि तो स्वतःहून उठून जाऊ शकतो ना, एवढी खात्री करा. शंका असेल तर जवळच्या पशुवैद्यकाला विचारा. परभणीला आणि उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयंच आहेत.

पिल्लं महिन्याची झाली आणि फेब्रुवारीचं ऊन चटकू लागलं की पॅड काढायचा. पुसून, वाळवून, घडी न घालता सपाट ठेवायचा, कारण घडीवर आतली तार तुटते. वायर उंदरांच्या वाटेवर राहणार नाही असं बघायचं, आणि दिवाळीनंतर पुन्हा लावण्याआधी ती बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपून घ्यायची.