चांदोलीला जाताना

मागच्या आठवड्यात सह्याद्रीतल्या चांदोली राष्ट्रीय उद्यानाबद्दल विचारायला एका गृहस्थांचा फोन आला. ‘शनिवारी पुण्याहून निघतोय, चांदोली बघून रात्री परत. वाघ दिसेल ना?’ मी म्हटलं, तुम्ही ताडोबाला जा. त्यांना ते लागलं असावं, पण मी मनापासून सांगितलं होतं. ताडोबाचं जंगल बांबू-सागाचं, उन्हाळ्यात उघडं पडतं, जनावर पाणवठ्यावर येतं. चांदोलीत हिरडा, अंजनी, जांभूळ यांची अशी दाटी, की रस्त्यापासून दहा पावलांवर गवा उभा असला तरी फक्त फांदी मोडल्याचा आवाज येतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला खरा, पण वाघासाठी इथे आलात तर हात हलवत परत जाल.

मग बघायचं काय? आधी कधी जायचं ते बोलू. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उद्यान बंद असतं. वरच्या अंगाला पाथरपुंज गाव आहे, तिथे काही वर्षी पाऊस ७००० मिलिमीटरच्या पुढे जातो. हेच पाणी वारणेतून खाली येऊन वसंतसागर जलाशय भरतं. सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, सीतेची आसवं, गेंद ही फुलं ऐन पावसातली, म्हणजे नेमकी आपल्याला बंदी असते तेव्हाची. ती हौस कासला भागवा. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. अंजनी फुलते तेव्हा फुलं पानांआड लपत नाहीत, थेट फांदीला चिकटून येतात. जांभळट निळी, मोहरीएवढ्या कळ्यांचे झुबके. करड्या सालीवर कुणी शाई सांडून ठेवल्यासारखी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते बुरशी लागल्यासारखं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

वाट सोपी आहे. पेठनाक्याला महामार्ग सोडायचा, मग शिराळा, कोकरूड, आरळा, मणदूर. पण अंतराच्या हिशेबाने वेळ धरू नका. आम्ही एकदा पुण्याहून पहाटे पाचला निघालो, वाटेत मिसळ, मग एकाच्या मावशीकडे चहा, आणि नोंदणीला पोचलो तेव्हा साडेअकरा. उन्हात सगळं चिडीचूप. शेकरूसुद्धा दिसलं नाही, नुसती त्याची घरटी दिसली. तेव्हा आदल्या रात्रीच शिराळ्याच्या बाजूला मुक्कामाला या, आणि नोंदणी उघडेल तेव्हा दारात हजर राहा. शुल्क, गाड्यांचे नियम दर हंगामाला बदलतात. ते वनखात्याला फोन करून विचारा, जुन्या माहितीवर विसंबू नका. प्रचितगडाचंही तेच. नकाशावर तो उद्यानाच्या कडेला दिसतो म्हणून लोक परस्पर निघतात. परवानगीशिवाय नाही. एरवी कोकणातून, शृंगारपूरकडून चढायची वाट आहे, पण तो वेगळा दिवस आणि वेगळे गुडघे.

पाणी घरून न्या. खाऊची पिशवी मात्र गाडीतच बांधून ठेवा, वानरं तुमच्यापेक्षा चलाख आहेत. आणि दोन गाड्या भरून जाऊ नका. चारजण पुष्कळ झाले.

आता झोळंबीचा सडा. जांभ्या दगडाचं हे उघडं पठार, वर माती जेमतेम. गवे बघायचे तर सकाळी इथेच बरी संधी असते. पण झोळंबी हे गावाचं नाव आहे, सड्याचं नंतर झालं. १९८५ ला चांदोली अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, ३१७ चौरस किलोमीटरचं. त्यात आतली गावं उठली आणि माणसं खालच्या वसाहतींत गेली. गेल्या खेपेला आमच्यासोबतचा वाटाड्या पन्नाशीचा होता. दिवसभर ‘सर, तिकडं बघा, सर, आवाज नको’ एवढंच बोलायचा. एका आंब्यापाशी मात्र तो थांबला. झाडाखाली पाटा होता, मधोमध झिजून खोलगट झालेला, त्यात पाणी साठून पानं कुजलेली. त्याने हाताने पानं काढली, पाणी सांडलं, पाटा उताणा होता तो पालथा घातला.

आमच्यातल्या एकाने विचारलं, ‘इथं काही दिसतं का हो?’

‘हितं आमची आजी मिरच्या वाटायची,’ तो म्हणाला, आणि गाडीकडे निघाला.

म्हणून सांगतो, वेळापत्रक करताना झोळंबीला अर्धा तास जास्तीचा धरा. तिथे गाडीतून उतरायला मिळतं का, तेही नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या.